बायपोलर आजारात मेंदू भावना कशा हाताळतो?

बायपोलर आजार म्हणजे लहरी स्वभाव नव्हे. यात मॅनिया, म्हणजे उन्मादाचा टप्पा, साधारण आठवडाभर किंवा जास्त टिकतो. नैराश्याचा टप्पा किमान दोन आठवडे राहतो. मधल्या काळात अनेक रुग्ण आपली कामे नीट करतात.

मेंदूत काय बदलते?

मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग असतो. भीती, राग, आनंद अशा भावनांना तो झटपट प्रतिसाद देतो. कपाळामागचा भाग त्या प्रतिसादाला आवर घालतो. बायपोलर आजारात हा आवर कमी पडतो आणि फायद्याच्या अपेक्षेने चेतणारे भाग जास्त चेततात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

म्हणूनच उन्मादात सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा करणाऱ्याला नफा दिसतो, जोखीम दिसत नाही. घरच्यांच्या चेहऱ्यावरची काळजीही त्याला नीट ओळखता येत नाही. नैराश्यात उलट घडते. समोरच्याचा साधा चेहराही नाराज वाटतो. अशा वेळी वाद घालून उपयोग होत नाही, कारण तारतम्य राखणारी यंत्रणाच बिघडलेली असते. हा माज किंवा आळस नाही, बाहेरची बाधाही नाही.

मात्र निदान स्कॅनवरून होत नाही. लक्षणे आणि पूर्वेतिहास यांवरूनच ते करतात.

झोपेकडे लक्ष ठेवा

झोपमोड झाली की उन्माद सुरू होऊ शकतो. साताऱ्या-सांगलीत रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणे, साखर कारखान्यातील रात्रपाळी, सणांची जागरणे हे नेहमीचेच. आजार असलेल्या व्यक्तीला ही कामे शक्यतो देऊ नका. दोन-तीन रात्री जेमतेम झोप होऊनही ती व्यक्ती ताजीतवानी दिसत असेल, बडबड आणि खर्च वाढला असेल, तर लगेच डॉक्टरांना भेटा.

औषधे

लिथियम 1949 पासून या आजारात वापरले जाते. त्यासोबत रक्तातील लिथियमची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी वेळोवेळी लागते. कडक उन्हात घाम, जुलाब, तसेच डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांमुळे ही पातळी धोकादायक वाढू शकते. हात जास्त थरथरणे, उलट्या, तोल जाणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बरे वाटले म्हणून औषध अचानक बंद करू नका. नैराश्याची गोळीही स्वतःहून सुरू करू नका. ती एकटीच घेतल्यास उन्माद उसळू शकतो.

मदत कुठे मिळेल?

साताऱ्यातील क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. टेली मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीला एकटे सोडू नका. कीटकनाशके कुलपात ठेवा आणि तिला तातडीने रुग्णालयात न्या.