खासगी गलबतांचे आरमार

ग्रीसचा नकाशा पुढे घेतला, की एजियन समुद्रात कोणी मूठभर लाह्या उधळाव्यात तशी बेटे दिसतात. एका बेटाच्या टेकडीवर उभे राहावे, तो पुष्कळदा दुसरे नजरेत येते. आज हौशी लोक स्वतःची शिडाची नौका घेऊन येथे हिंडतात. सकाळी शीड उभारावे, सांजेला एखाद्या बंदरात नांगर टाकावा. उन्हाळ्यात उत्तरेकडून सुटणारा ‘मेल्तेमी’ वारा तेवढा सांभाळला म्हणजे झाले! पण याच वाटांवर एके काळी खासगी गलबतांनी एका राष्ट्राचे दैव वाहून नेले आहे.

हिद्रा, स्पेत्सेस आणि प्सारा ही तीन चिमुकली बेटे. हिद्रा म्हणजे तर निव्वळ खडक. तेथे पिकणार काय? तेव्हा लोकांनी समुद्राचीच शेती केली. १७७४ च्या रशिया-तुर्कस्तान तहानंतर रशियाच्या निशाणाखाली त्यांचा व्यापार वाढला. पुढे नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांची नाकेबंदी चुकवून या नाखव्यांनी धान्य पोचवले आणि रग्गड पैसा मिळवला. फेरीच्या नफ्यात खलाशांचाही वाटा असे. चाच्यांच्या भयाने व्यापारी गलबतांवरही तोफा असत. १८२१ साली तुर्कांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटले, तेव्हा ग्रीकांजवळ सरकारी आरमार नव्हते. होती ती हीच गलबते.

स्पेत्सेसची लास्करिना बुबुलिना ही या गलबतवाल्यांतली सर्वांत नवलाची. १७७१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या तुरुंगात तिचा जन्म झाला. बाप तेथे बंदिवान होता. दोनदा लग्न झाले आणि दोन्ही पती समुद्रावर चाच्यांशी लढताना गेले. पदरी मुले आणि मागे राहिलेली दौलत. बाईने डोळे पुसले आणि त्या दौलतीतून ‘आगामेम्नॉन’ हे अठरा तोफांचे गलबत बांधले. १८२१ मध्ये ती स्वतः त्यावर चढून नाफ्प्लियोच्या किल्ल्याच्या वेढ्यात सामील झाली. खलाशांचा खर्च तिच्याच पेटीतून चाले. १८२२ च्या अखेरीस किल्ला पडला.

त्याच वर्षी प्साराच्या कानारिसने आगलावे गलबत हाकले. जुन्या गलबतात ज्वालाग्राही माल ठासायचा, रात्री ते शत्रूच्या जहाजाला अडकवून पेटवायचे आणि होडीत उड्या टाकून निसटायचे! किऑसजवळ तुर्की सरखेलाचे जहाज असे भस्मसात झाले. त्याची किंमतही जबर पडली. १८२४ मध्ये तुर्कांनी प्सारा बेटच उद्ध्वस्त केले.

खासगी आरमाराची दुबळी बाजूही होती. पगार थकला की खलाशी घराकडे शीड वळवीत. मालकांच्या तिजोऱ्या आटल्या. १८२५ साली बुबुलिना घरगुती भांडणात गोळी लागून मेली, रणात नव्हे! तेव्हा तिची दौलत युद्धात खर्ची पडली होती. वारसांनी ‘आगामेम्नॉन’ राष्ट्राला दिले. त्याचे नाव ‘स्पेत्सेस’ झाले.

स्वातंत्र्य आले, पण हिद्राच्या मालकांना युद्धातल्या नुकसानीची भरपाई मिळेना. वाद चिघळला. १८३१ मध्ये हिद्राचाच सरखेल मियाउलिस याने पोरोसच्या बंदरात सरकारी जहाजे जाळली. त्यांत ‘स्पेत्सेस’ही होते. तुर्कांच्या तोफांतून वाचलेले ते गलबत स्वकीयांच्या आगीत गेले. स्वातंत्र्यासाठी सर्वस्व देणाऱ्यांचा हिशेब वेळीच चुकता करावा, हे त्या राखेने नव्या राज्याला सांगितले. पण फार उशिरा.