तळटीप : रक्तातली अ, ड आणि ई जीवनसत्त्वे

* ‘जीवनसत्त्वे तपासून घेतली’ असे लेखक एका ओळीत सांगून मोकळे होतात. प्रयोगशाळेत मात्र ते काम चांगलेच किचकट असते. अ, ड, ई आणि के पाण्यात विरघळत नाहीत, रक्तात ती प्रथिनांच्या आणि मेदकणांच्या आधाराने फिरतात. म्हणून रेटिनॉल, म्हणजे ‘अ’, मोजताना सीरममध्ये आधी इथेनॉल घालून प्रथिने साकळवतात, मग हेक्झेनमध्ये जीवनसत्त्व ओढून घेतात. नायट्रोजनच्या झोताखाली हेक्झेन उडून गेले की नळीच्या तळाशी दिसेल न दिसेल असा थर उरतो. तो पुन्हा विरघळवून एचपीएलसी यंत्रात सोडतात. तिथे ३२५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात रेटिनॉल ओळखू येते. उजेडाने ते नासते, त्यामुळे नमुन्यावर फॉइलचे वेष्टण हवेच.

१९२६ साली कार आणि प्राइस यांनी कॉड माशाच्या तेलातले ‘अ’ अँटिमनी ट्रायक्लोराइडच्या निळ्या रंगावरून मोजले होते. हा रंग पाहता पाहता विटे!

‘ड’च्या बाबतीत सहसा २५-हायड्रॉक्सी हे रूप मोजतात. अँटिबॉडीवर चालणाऱ्या झटपट चाचणीचा आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीचा आकडा जुळेलच असे नाही. तान्ह्या बाळांत तर ‘एपिमर’ हे जुळे रूप वेगळे काढले नाही, तर आकडा फुगतो. कोलेस्टेरॉल वाढलेले असले की ‘ई’ही जास्त दिसते. दोन अहवाल शेजारी ठेवताना वाचकांनी चाचणीची पद्धत आधी पाहावी.
— संपादक