ओवी म्हणजे काय?

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतच. तरी 'ओवी' या शब्दाचा अर्थ मला गजरा करताना उमगला. फुले ओवावीत तसे शब्द ओवायचे, म्हणून ती ओवी, असे जाणते सांगतात.

महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात नमूद आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतरची, १२९० सालची, तीही ओवीतच. म्हणजे मुसळाच्या ठेक्यावरचे गाणे आधी, थोर ग्रंथ मागून!

माझी आजी जात्यावर बसली की तिला ओव्या आपोआप सुचत. पुढे गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. आजीही गेली. तिची एकही ओवी मी उतरून घेतली नाही, ही चुटपुट आजही आहे. तुमच्या घरी वडीलधारी बाई असेल, तर आजच वही घेऊन तिच्याजवळ बसा.