तोलाच्या व्यायामाचा कस

माणसाला उभ्याने तोल किती राखता येतो याची वैद्यकीय परीक्षा पावणेदोनशे वर्षांची जुनी असली, तरी तोल सुधारण्यासाठी सांगितलेला व्यायाम त्याला किती जड जातो हे मोजण्याचा विचार अगदी अलीकडचा आहे. पावले जुळवून उभ्या असलेल्या रुग्णाने डोळे मिटताच तो डगमगू लागतो, ही मज्जारज्जूच्या विकाराची खूण बर्लिनच्या मोरित्झ रॉम्बर्ग यांनी १८४० च्या दशकात नोंदवली. तिचा हेतू रोगनिदानाचा होता, व्यायामाचा नव्हे.

वार्धक्यातील पडण्याकडे लक्ष वळल्यावर १९८६ मध्ये आयझॅक्स व सहकाऱ्यांनी खुर्चीतून उठून थोडे चालून परत बसण्याची चाचणी मांडली, जिच्यात परीक्षक निव्वळ पाहून एक ते पाच गुण देत असे. नजरेचा हा अंदाज ढोबळ वाटल्याने १९९१ मध्ये पॉडसियाड्लो व रिचर्डसन यांनी त्याच चाचणीला घड्याळ लावले. दरम्यान कॅनडात कॅथरीन बर्ग यांनी चौदा कृतींची, ५६ गुणांची मोजपट्टी तयार केली होती, जी आजही फिजिओथेरपीत रूढ आहे. परंतु या साऱ्या पद्धती माणसाची कुवत मोजतात, व्यायामाची मात्रा नव्हे. वजन उचलण्याच्या व्यायामाला किलो असतात, तसे एकक तोलाला मिळाले नव्हते.

ही उणीव ठळक झाली ती २००८ मध्ये. कॅथरीन शेरिंग्टन व सहकाऱ्यांनी ४४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सरासरी १७ टक्क्यांनी घटल्याचे आणि तोलाचा खरा कस लावणाऱ्या व्यायामांत ही घट अधिक असल्याचे दिसले. कस ठरवण्यासाठी त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या: पायांतील अंतर कमी केले आहे का, हातांचा आधार काढला आहे का आणि शरीराचा गुरुत्वमध्य हलवला जातो का. निकष सुटसुटीत खरे, पण ते कृतीचे होते, करणाऱ्याचे नव्हते. एका पायावर उभे राहणे साठीतल्या धडधाकट माणसाला सोपे आणि ऐंशीतल्या अशक्त माणसाला अशक्यप्राय असू शकते.

ऑस्ट्रेलियाच्या मेलनी फार्ली व सहकाऱ्यांनी २०१३ च्या आढाव्यात, तोलाच्या व्यायामांवरील संशोधनात ही तीव्रता नोंदवलीच जात नाही, असे दाखवले, आणि पुढे २०१९ मध्ये दोन मोजपट्ट्या प्रसिद्ध केल्या: एक थेरपिस्टने पाहून भरायची, दुसरी व्यायाम करणाऱ्याने स्वतः सांगायची. घड्याळाने बाजूला सारलेली नजर अशा रीतीने परतली, पण या वेळी ठरलेल्या खुणांसह. आणि ज्याचा तोल जातो त्याचे म्हणणेही मोजमापात धरले गेले, हे या प्रयत्नाचे अधिक मोलाचे अंग होय.