जाळीच्या रुमालाचे मोल

मिस्सेच्या वेळी मराठवाड्यातील आपल्या मायभगिनी साडीचा पदर डोक्यावर घेतात. फ्रॉक घालणाऱ्या शहरी ख्रिस्ती कुटुंबांत पदराची जागा जाळीच्या त्रिकोणी रुमालाने घेतली होती. १९१७ च्या धर्मसंहितेने स्त्रियांना देवालयात मस्तक झाकण्यास सांगितले होते. १९८३ च्या संहितेत ते कलम उरले नाही आणि अनेक घरांतील रुमाल पेटीत गेले. परंतु अशी जाळी विणणारे हात कोणाचे, हे आपण क्वचितच विचारले.

या प्रश्नाचे एक उत्तर बिलोलीच्या नदीकाठाने शोधता येते. या परिसरात, कंदकुर्तीजवळ, मांजरा गोदावरीला मिळते. पुढे समुद्राला मिळण्यापूर्वी गोदावरीचा वसिष्ठ नावाचा फाटा आंध्रातील नरसापूरजवळून वाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडहून आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी त्या भागातील गरीब ख्रिस्ती स्त्रियांना जाळीचे विणकाम शिकविले. पुढे घराबाहेर कामास न जाणाऱ्या कापू शेतकरी स्त्रियाही क्रोशाची सुई चालवू लागल्या. कोणी केवळ फुले विणी, कोणी ती जोडी. माल परदेशी जाई.

हे काम किती वेळ खाते, हे त्रिकोणी रुमाल विणणारीस ठाऊक असते. टोकाशी दोन-चार साखळ्या, त्यांवर खांब. मग प्रत्येक ओळीत खांब वाढत जातात. म्हणून निम्म्या ओळी संपल्या तरी काम पाव भागच झालेले असते.

मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेने १९८२ साली नरसापूरच्या स्त्रियांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. घरकाम सांभाळून त्या दिवसाचे सहा-आठ तास विणीत; तरीही व्यापारी त्यांना कामगार न मानता फावला वेळ घालविणाऱ्या गृहिणी समजत. मजुरी अत्यल्प राहिली, ती याच समजुतीच्या आधारे. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशाकामास भौगोलिक मानांकन लाभले. गावाचे नाव सुरक्षित झाले; विणणारीच्या तासांचा हिशेब मात्र मानांकनाने आपोआप होत नाही.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात श्रमिकाच्या न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. तो कारखान्यापुरताच आहे काय? घराच्या ओसरीवर बसून विणणारी, शिवणारी भगिनीही श्रमिकच आहे. वेदीवरील वस्त्राची किनार तिच्याकडून करून घेताना ‘तुला वेळ आहेच’ असे न म्हणता ‘किती तास लागले?’ असे विचारावे, आणि त्या तासांचे मोल तिच्या हाती ठेवावे.