वेतनवादातील आकडेवारी

पगार किती असावा या वादात सरासरी वेतन, मध्यक वेतन, दरडोई उत्पन्न, किमान वेतनाचे दर आणि महागाई निर्देशांक यांचे दाखले दिले जातात. यांतला प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो. त्यांची सरमिसळ कधी अज्ञानाने होते, बरेचदा सोयीने.

सर्वांत जास्त गैरवापर दरडोई उत्पन्नाचा होतो. राज्याच्या उत्पन्नात नफा, भाडे, व्याज सगळे येते आणि भागायचे ते तान्ह्या पोरांसकट साऱ्या लोकसंख्येने; त्यावरून मजुराच्या मिळकतीचा अंदाज बांधता येत नाही. सरासरीही फसवी असते. समजा, एका कारखान्यात नऊ जणांना महिना १२,००० रुपये आणि व्यवस्थापकाला १,२०,००० रुपये मिळतात. सरासरी येते २२,८००, पण तेवढा पगार तिथे कुणालाच नाही. चढत्या क्रमाने लावून मधला पगार, म्हणजे मध्यक, पाहिला तर तो १२,०००च भरतो.

किमान वेतनाचा आकडा कुटुंबाच्या गरजांवरून बांधला जातो, म्हणून त्यामागची गृहीतके तपासावी लागतात. १९५७च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने कमावत्या माणसामागे तीन उपभोग-एकके धरली: पुरुष १, पत्नी ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. प्रौढाला रोज २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाचे २० टक्के. (डोक्यावर पाट्या वाहणारी बाई ०.८ कशी, हा प्रश्न तेव्हाही विचारण्याजोगा होता.) पुढे रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. २०१९मध्ये अनुप सत्पथी समितीने एकके ३.६ केली, उष्मांक २,४००वर आणले आणि जुलै २०१८च्या किमतींनुसार ३७५ रुपये रोज सुचवला. त्याचे महिन्याचे ९,७५० होतात ते २६ दिवसांच्या हिशेबाने. एका बाजूने २६ने गुणावे आणि दुसरीने ३०ने, असे झाले की रोजावर एकमत असूनही भांडण मिटत नाही. नाक्यावरच्या मजुराला तर २६ दिवस कामच मिळेल याची खात्री नसते. त्याच्या रोजाला २६ने गुणून मासिक उत्पन्न सांगणे ही शुद्ध थाप.

महाराष्ट्रात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे दर परिमंडळानुसार ठरतात. मूळ दरावर निर्देशांकाशी बांधलेला विशेष भत्ता चढतो. नुसता मूळ दर दाखवला की वेतन भलतेच कमी दिसते. उलट मालकाचा भविष्यनिधीचा वाटा मिळवून ‘एकूण पॅकेज’ सांगितले, की हातात न पडणारा पैसाही पगारात धरला जातो.

निर्देशांकही वादातीत नाही. मुंबईच्या कामगारवर्गीय निर्देशांकात महागाई कमी दाखवली जाते, अशी तक्रार कामगार संघटनांनी लावून धरली आणि १९६३मध्ये राज्य सरकारला अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांची समिती नेमावी लागली. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता याच निर्देशांकावर ठरत असे.