गोदी कंपनीची, मेस्त्री सुरतेचा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझे एक सहशिक्षक सायंकाळी घरी आले. हप्त्यांनी घेतलेल्या त्यांच्या मोटारीची वॉरंटी त्याच आठवड्यात संपत होती. ज्या अधिकृत विक्रेत्याकडून मोटार घेतली, त्याच्याकडून सर्व्हिसिंगचे अंदाजपत्रक आले होते. आणि तेच काम उधन्याच्या गल्लीतील एक गॅरेजवाला पुष्कळच कमी पैशांत करून देण्यास तयार होता. हा गॅरेजवाला आमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी. गणितात तो नेहमी मागे असे. परंतु शाळेची विजेची घंटा बिघडली की आम्ही त्यालाच हाक मारीत असू. सहशिक्षक म्हणाले, "सर, मन म्हणते पोराकडे द्यावी आणि भीती म्हणते कंपनीकडे न्यावी. तुम्ही इतिहास शिकविता. तुम्हांला काय वाटते?"

प्रश्न मोटारीचा आणि विचारला इतिहासाच्या मास्तराला, ह्याचे प्रथम मला हसू आले. मागाहून वाटले, की माणूस योग्य ठिकाणी आला होता. वाहनाची निगा कंपनीच्या कारखान्यात राखावी की बाजारातील स्वतंत्र कारागिराकडून, हा प्रश्न ह्या सुरत शहराने सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच पाहिलेला आहे. त्या काळी वाहन मोटार नव्हते, जहाज होते, एवढाच काय तो फरक.

हॉकिन्स हा इंग्रज 'हेक्टर' नावाच्या जहाजाने सुरतेस आला तो १६०८ मध्ये. पुढे इंग्रजांची वखार येथे उभी राहिली आणि त्यांची जहाजे तापीच्या मुखाजवळील सुवाळीच्या किनाऱ्यापाशी नांगर टाकू लागली. लाकडी जहाजाला मोटारीहूनही अधिक जपावे लागे. तळाला शेवाळ व शिंपले चिकटून त्याची गती मंदावे. उष्ण समुद्रातील किडे लाकूड पोखरीत. फळ्यांमधील सांधे ढिले होऊन पाणी झिरपे. म्हणून ठराविक काळाने ते उधाणाच्या भरतीला किनाऱ्यावर चढवून, ओहोटी लागताच एका अंगावर कलते करून, तळ खरवडावा लागे, सांधे कापूस व डामर ह्यांनी नव्याने भरावे लागत आणि तळाला पुन्हा लेप द्यावा लागे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही त्या जहाजाची सर्व्हिसिंग होय.

ही कामे करणारे निष्णात हात सुरतेत होते. ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री १६८९ मध्ये येथे आला होता. इंग्रजी जहाज समोर ठेवले तर सुरतेचे सुतार त्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती उभी करतात, असे कौतुक त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. स्टॅव्होरिनस हा डच आरमारी अधिकारी १७७० नंतरच्या दशकात सुरतेस येऊन गेला. येथील कारागीर फळ्यांच्या कडा नुसत्या एकमेकींना भिडवीत नाहीत, तर खाच पाडून एकीत दुसरी बसवितात, हे त्याने बारकाईने टिपले. अशा सांध्यांची आणि सागवानाची जहाजे युरोपातील ओकच्या जहाजांपेक्षा पुष्कळ अधिक वर्षे टिकत. हे कारागीर कोणाचे अधिकृत प्रतिनिधी नव्हते. त्यांच्या दारावर कोणत्याही कंपनीची पाटी नव्हती. त्यांची ग्वाही म्हणजे त्यांनी बांधलेले जहाज.

मग १७३५ साल उजाडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील आरमारी खात्याचा डडली नावाचा अधिकारी सुरतेस आला. 'क्वीन' हे जहाज बांधण्याचे काम कंपनीने धनजीभाई ह्या पारशी गृहस्थाला दिले होते. ते काम पाहता पाहता डडलीची नजर धनजीभाईच्या हाताखालील एका तरुण मुकादमावर खिळली. त्याचे नाव लवजी नसरवानजी. जहाज बांधणाऱ्यांच्या धंद्यावरून ह्या घराण्याला वाडिया हे आडनाव पडले. मुंबईस चल, असा आग्रह डडलीने धरला. परंतु हातातील काम पुरे झाल्यावाचून लवजीने सुरत सोडली नाही, असे सांगतात. १७३६ मध्ये काही सुतारांना बरोबर घेऊन तो मुंबईस गेला. तेथे जाताच त्याच्यावर प्रथम कोणते काम सोपविण्यात आले असेल? लाकूड मिळविण्याचे! उत्तरेकडील रानांतून सागवानाचा पुरवठा जमवून आणण्यासाठी कंपनीने त्याला पाठविले. उत्तम कारागीर हाती आला तरी सामान नसेल तर तो काय करील, हे कंपनीने अचूक ओळखले होते.

१७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी पुरी झाली, आणि १७६५ पर्यंत तिला आणखी दोन गोद्यांची जोड मिळाली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावे, दार लावावे, पाणी काढून टाकावे आणि कोरड्या जमिनीवर निवांतपणे तळाची दुरुस्ती करावी, अशी ही सोय होती. जहाज वाळूवर कलते करण्याचा धोका त्यामुळे टळला. ब्रिटिश आरमाराची मोठी जहाजेही मग दुरुस्तीसाठी मुंबईस येऊ लागली. लवजीचा नातू जमशेटजी बमनजी ह्याच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे.

श्रोतेहो, माझा मुद्दा येथेच आहे. सुरतेच्या वाळूवर काम करणारा लवजी आणि मुंबईच्या गोदीत काम करणारा लवजी, हे दोन निराळे पुरुष नव्हते. हात तेच होते, विद्याही तीच होती. बदलली ती त्या हातांभोवतीची व्यवस्था. गोदी कंपनीची, लाकडाचा साठा कंपनीचा, नकाशे कंपनीचे. सुरतेत मागे राहिलेल्या त्याच्या सोबत्यांचे कौशल्य एका रात्रीत कमी झाले नाही. स्टॅव्होरिनसने त्यांची वाखाणणी केली ती लवजी निघून गेल्यानंतर चाळीस वर्षांनी. परंतु त्यांच्यापाशी गोदी नव्हती. तापीचे मुख गाळाने भरत होते, मोगल सत्ता खिळखिळी झाली होती आणि १७५९ मध्ये सुरतेचा किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला. सुरतेच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. त्यांत कारागिरांचे अज्ञान हे कारण मात्र सापडत नाही.

जहाजाकडून मोटारीकडे वळताना आपल्याला एकाच माणसाचे बोट धरता येते. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी सिंदिया कंपनीच्या द्वारे हिंदी जहाजवाहतूक उभी केली, विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला, आणि त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी स्थापन केली. तत्पूर्वी १९२८ पासून जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी मुंबईत शिवडीला परदेशी भाग जुळवून मोटारी तयार करीत असे. स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्ये, केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना येथे थारा नाही असे धोरण सरकारने स्वीकारले आणि ती कंपनी त्या वेळी देशातून निघून गेली. मग कित्येक दशके आपल्या रस्त्यांवर मुख्यतः फियाट आणि अँबॅसडर ह्याच मोटारी दिसत राहिल्या.

ग्राहकाच्या दृष्टीने हे दारिद्र्यच होते. परंतु गल्लीतील मेस्त्र्याला मात्र ते वरदान ठरले. वीस वर्षांत इंजिनात फारसा फरक पडत नसे. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लग, क्लचप्लेट ह्यांचे ज्ञान एकदा संपादन केले की ते जन्मभर पुरे. भाग बाजारात मिळत. बारा वर्षांचे पोर पाना हातात घेऊन उस्तादाजवळ बसे आणि विशीत स्वतःचे गॅरेज काढी. मेस्त्री हा शब्दच पाहा! पोर्तुगीज भाषेत निष्णात कारागिराला जो शब्द आहे, तोच किनाऱ्यावर उतरून मराठीत आला. सुताराला, गवंड्याला आणि पुढे मोटार दुरुस्त करणाऱ्यालाही तो लागू झाला. अधिकृत आणि अनधिकृत असा भेद त्या शब्दाला ठाऊक नाही.

१९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली मोटार बाहेर पडली आणि युग पालटले. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होऊन कार्ब्युरेटर गेला; इंधनाची फवारणी संगणक ठरवू लागला. आता दोष कानाने ऐकून कळेनासा झाला. तो यंत्र जोडून वाचावा लागतो. ते यंत्र, त्यातील संकेत आणि अस्सल भाग हे सारे मोटार कंपनीच्या कुलपात. म्हणजे पुन्हा तीच सुकी गोदी! अठराव्या शतकातील कंपनी जहाजांची मालक होती, आजची कंपनी मोटार विकणारी आहे, हा भेद मी विसरत नाही; परंतु दोन्ही वेळी गोष्ट अडते ती एकाच जागी. किल्ली कोणाच्या कनवटीला?

ह्या किल्लीचा न्याय आपल्या देशातही मागितला गेला. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असे आयोगाने ठरविले. आणखी एक गोष्ट आयोगाने सांगितली, ती प्रत्येक मोटारमालकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही; बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे अपिले झाली. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांच्या बाबतीत मूळ निष्कर्ष उचलून धरला, दंड मोजण्याची रीत मात्र बदलली. आणि वाद तेथून न्यायालयांत गेला. अमेरिकेने वॉरंटीसंबंधी असा कायदा १९७५ मध्येच केला होता. युरोपीय संघाने २००२ च्या नियमांनी स्वतंत्र गॅरेजांना तांत्रिक माहितीचे दार उघडून दिले. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' ह्या विषयाला हात घातला.

मग सामान्य मोटारमालकाने करावे काय? इतिहासातून मला एवढेच दिसते, की आधी काम पाहावे आणि मग दार निवडावे. जेथे गोदीवाचून चालत नाही, तेथे गोदीत जावे. वॉरंटीत बसणारे दोष, कंपनीने स्वतःहून परत बोलावून विनामूल्य करावयाच्या सुधारणा, अपघातात फुगणाऱ्या एअरबॅगची यंत्रणा, संगणकातील प्रणाली, विजेवरील मोटारीची मोठी बॅटरी, ही कामे अधिकृत केंद्राची. ऑइल, फिल्टर, ब्रेकचे पॅड, क्लच, सस्पेन्शन ह्यांसारखी नित्याची कामे ज्याचा हात आपण पारखला आहे अशा मेस्त्र्याकडे द्यावयास, विशेषतः वॉरंटी संपल्यावर, मुळीच हरकत नसावी. मात्र दोन्ही दारी सारखीच शिस्त पाळावी. काम आधी लिहून घ्यावे. ऑइल कोणत्या प्रतीचे व भाग कोणता, हे बिलावर यावे. काढलेला जुना भाग परत मागावा. आणि सर्व्हिसच्या वहीत नोंद करून घ्यावी. काचेच्या दारामागे प्रामाणिकपणाच असतो असे नाही, आणि तेलकट हातांत तो नसतो असेही नाही.

माझ्या सहशिक्षकांनी अखेर मोटार आमच्या विद्यार्थ्याकडे नेली. त्याने ऑइल बदलले, ब्रेकचे पॅड घातले, जुने पॅड कागदात गुंडाळून परत दिले. मग समोरच्या फळीवर पेटलेल्या एका छोट्या दिव्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, हा एअरबॅगचा दिवा आहे. ह्याचे यंत्र माझ्याकडे नाही. उगाच हात घालणार नाही. एवढ्यासाठी तुम्ही कंपनीतच जा." हातचे पैसे त्याने सोडले, आणि आपल्या विद्येची सीमा कोठे संपते हे स्वतःच्या तोंडाने सांगितले. गणिताच्या पेपरात आम्ही त्याला जे गुण दिले होते, ते त्या दिवशी मला फारच थोडे वाटले.

लवजी १७७४ मध्ये वारला तेव्हा त्याने मोठी संपत्ती मागे ठेवली नव्हती. नाव मात्र ठेवले होते. ज्याला गोदी मिळाली त्या मेस्त्र्याला इतिहासाने लक्षात ठेवले. ज्यांना ती मिळाली नाही, त्या सुरतेच्या वाळूवरील त्याच्या सोबत्यांची नावे आज कोणालाही सांगता येणार नाहीत. आपल्या गल्लीतील पोरांवर ती पाळी येऊ नये, म्हणून कुलपाची किल्ली त्यांनाही वाजवी दामात मिळाली पाहिजे.